वेचणारीच्या पोटातलं पितळ

आमच्या चौकातल्या पुतळ्याच्या समितीच्या अध्यक्षांनी जळालेल्या वस्तीतल्या बायकांना फसवलं, आणि फसवताना माझं तोंड वापरलं. लोक म्हणतात, जुनं झालं, सोडून दे. सोडून देऊन माझं भागलं असतं तर मी अजून सायकलवरच असतो.

मी भंगार घेतो. सायकलच्या मागे टोपली, टोपलीत फुटाणे आणि कांदे, त्यांच्या बदल्यात तुटकं लोखंड, अशी माझी सुरुवात. शाळा लवकर सुटली. वाचायला मला रद्दीने शिकवलं. पुस्तकं किलोने यायची, ती मी आधी वाचायचो आणि मग विकायचो. आज घाटंजीच्या रस्त्याला माझं पत्र्याचं गोदाम आहे. भाव करताना मी ओरडतो, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. पण तराजूत मी खोट केली असं कोणी म्हणत नव्हतं. त्या पुतळ्याआधी कोणीच म्हणत नव्हतं.

माझा जन्म वस्तीतलाच. बाजारओळीच्या मागे, कापसाच्या जिनिंगच्या भिंतीला लागून आमची घरं होती. पुढे मी गोदामाजवळ राहायला गेलो, पण जुन्या बायका मला अजून नावाने नाही, 'लेका' म्हणूनच हाक मारायच्या.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. शेतकरी गाड्या भरून आणायचे, आणि भाव ऐकून तिथेच शिव्या द्यायचे. घ्यायला कोणी धजत नव्हतं, तरी कापूस येतच राहिला. जिनिंगच्या आवारात जागा उरली नाही तेव्हा गंज्या भिंतीच्या वर निघाल्या. एका दुपारी त्यातली एक पेटली. ठिणगी कशी पडली ते कोणी सांगितलं नाही, आणि विचारणाऱ्यालाही सांगितलं नाही. कापसाची आग विझत नाही. वरून पाणी मारलं की ती काळी होते, दबून बसते; आत मात्र खात राहते. वारा सुटला की पेटते पुंजके उडतात, आणि जिथे पडतात तिथे नवी चूल लागते.

बाजारओळ गेली. मागची वस्ती गेली. माणसं वाचली, कारण दुपार होती आणि सगळ्या बायका वेचायला गेल्या होत्या. शेतातून त्यांना धूर दिसला. कोणीतरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळून राह्यला असेल, असं म्हणून त्या वेचत राहिल्या. घरं जळत होती ती त्यांचीच.

चार दिवसांनी पाहायला आलेले साहेब म्हणाले, टीव्हीवर लढाईतली शहरं दाखवतात तसं दिसतंय. नुसत्या भिंती, आणि भिंतींना खिडक्यांची भोकं. साहेब गेले. पण अध्यक्षांनी तो शब्द धरून ठेवला.

अध्यक्ष म्हणजे आमच्या गावचे बी-बियाण्यांचे आणि खताचे मोठे दुकानदार. पुनर्बांधणीची समिती झाली तेव्हा ते आपोआप अध्यक्ष झाले, जसं पाणी उताराकडे जातं. पहिल्या सभेत ते म्हणाले, "जगात लढायांनी मोडलेली शहरं उभी राहिली ती कशी? लोकांनी आधी चौकात पुतळा उभा केला. पुतळा पाहून माणसाला हिंमत येते, मग घरं आपोआप होतात. आपणही चौक करू. मध्ये कापूस वेचणाऱ्या बाईचा पुतळा बसवू. आपल्या मातीची बाई."

सभेत खाली बसलेली एक म्हातारी बोलली. ती माझ्या आईची मैत्रीण. आई लवकर गेल्यावर तिच्याच घरी मी जेवलो, म्हणून मी तिला मावशी म्हणतो. ती म्हणाली, "बाप्पा, घर असलं तं पुतळा पाहाले येईन ना. आता येऊ कोठून?"

लोक हसले. अध्यक्षही हसले. ते फार छान हसतात.

मग कळलं की चौक रुंद करायचा आहे, म्हणून वस्ती त्या जागी परत बसणार नाही. वस्तीला नाल्यापलीकडे पत्र्याच्या खोल्या मिळाल्या, 'तात्पुरत्या'. बाजारओळीला सिमेंटचे गाळे मिळाले. आणि पुतळ्याचा चबुतरा तिथे आला जिथे मावशीची चूल होती. हे मी रंगवून सांगत नाही. तिच्या दाराशी कडुनिंबाचं झाड होतं, त्याचा जळका बुंधा बांधकामवाल्याने सगळ्यात शेवटी काढला. मी तिथेच उभा होतो.

त्यानंतर अध्यक्ष माझ्या गोदामात आले. माझ्या खुर्चीवर बसले, चहा मागून प्याले, मला भाऊ म्हणाले. त्याआधी ते मला 'ए भंगार' म्हणायचे.

"भाऊ, पुतळा पंचधातूचा करायचा आहे. धातू कुठून आणायचा? तर वस्तीत जळालेली भांडी आहेत. बायकांनी ती दिली तर पुतळा त्यांचाच झाला. तुमचं तोंड वस्तीत चालतं."

मी म्हणालो, "माझं तोंड चालतं, पण फुकट चालत नाही."

"काय पाहिजे?"

"मला काही नको. बायकांचं पितळ त्या पुतळ्यातच जाईल, दुसरीकडे रत्तीभर जाणार नाही, हे तुमच्या तोंडून पाहिजे. वस्तीत येऊन, सगळ्यांसमोर."

ते आले. नाल्यापलीकडे, पत्र्याच्या खोल्यांसमोर उभं राहून बोलले. छातीवर हात ठेवून बोलले. हे ऐकणाऱ्या बायका अजून जिवंत आहेत.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल, तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्याकडे पितळी भांड्यावर नाव टाकून घेतात. ठिपक्या-ठिपक्यांनी, दुकानदार छिन्नीने टोचून देतो. लग्नात मिळालेल्या हंड्यावर देणाऱ्याचं नाव, घरच्या ताटावर घरधनिणीचं. असं भांडं मोडीत आलं की मी ते तसंच हातोड्याखाली घेत नाही. आधी कानशीने नाव घासतो, आणि तो पितळेचा चुरा कागदात बांधून घरच्या बाईच्या हाती देतो. बाया तो झाडाच्या बुडाशी नाहीतर विहिरीपाशी टाकतात. भट्टीत भांडं जावं, माणसाचं नाव जाऊ नये, असं आहे. काही लोक म्हणतात, भंगारवाले चोरीचा माल ओळखू येऊ नये म्हणून नावं घासतात. तसेही असतील. मी तो कागद बायकांच्या हाती देतो, हे कोणी पाहत नाही.

मी हातगाडी घेऊन वस्तीच्या राखेत गेलो. बायका राख चाळून भांडी काढत होत्या. चेमटलेली, काळी पडलेली, सांध्यांचे डाग सुटलेली. वाट्या एकमेकींत अशा बसल्या होत्या की वेगळ्या होत नव्हत्या. सुरुवातीला कोणीच देईना.

"कायले द्यायचं वो? मोडीत घातलं तं तेल-मीठ तरी येईन."

"मोडीत घालशील तं मीच घेईन ना," मी म्हणालो. "आणि माहीत आहे ना मी कसा भाव करतो."

"माहीत आहे बाप्पा. रडवतोस तू."

"मग रडण्यापेक्षा पुतळ्याले दे. तिथं तुह्या लेकीबाळी येतील, म्हणतील, हा माह्या आजीचा हंडा."

असं घरोघरी, म्हणजे राखेराखेला बोललो. मी आयुष्यात पुष्कळ सौदे केले, पण माल मिळवून स्वतःकडे काहीच न ठेवण्याचा सौदा तेवढा एकच. मी तो चांगला केला. सगळ्यांनी दिलं.

मावशीकडे फक्त एक हंडा होता. तिच्या मायचा. त्याच्या गळ्यावर मायचं नाव होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. वस्तीने बुद्धाचा धम्म घेतला, वस्तीची स्वतःची विहीर झाली, त्यानंतर मायने तो हंडा घेतला होता. मावशी सांगायची, त्याआधी आमच्या भांड्यावर नाव टाकायचं काही कामच नव्हतं. दुसऱ्याच्या भांड्यात मिसळलं तर ओळखायचं ना. आमचं भांडं कोणाच्या भांड्यात मिसळायचंच नाही. मायला वाचता येत नव्हतं, पण दुकानदार ठिपके टोचत होता तोवर ती समोर बसून राहिली होती, तो एखादं अक्षर खाईल म्हणून.

मी कानस काढली. मावशीने माझा हात धरला.

"घासू नको रे लेका."

"काहून? नाव आगीत जाईन."

"भट्टीतून बाहीर पुतळाच निघन ना? तं जाऊ दे तिच्या पोटात. माय चौकात उभी राहीन. तिले कधी चौकात उभं राहू देल्लं होतं कोनं?"

बाजूच्या बायकांनी ते ऐकलं. मग सगळ्याच म्हणू लागल्या, आमचंही घासू नको. माझ्या धंद्यात मी कधी असं केलं नव्हतं. पण त्यांचं बरोबर होतं असं मला वाटलं, आणि मी कानस खिशात घातली. नावांसकट सगळं गोदामात आलं, आणि माझ्या छातीएवढा ढीग लागला.

त्याच दिवसांत शिल्पकार आला. बाहेरचा, बारीक, सारखा खोकणारा. शाळेच्या पडवीत त्याने मातीची बाई केली. कामावर जाता-येता बायका थांबून पाहायच्या. बाई ताठ उभी होती, मान वर, समोर बघत हसत होती, कमरेला वेचणीची ओटी भरून फुगलेली.

"अवो, ही वेचून राह्यली का फोटो काढून राह्यली?"

"इचा मुकादम नवरा असन, तं वाकायचं काम नाही तिले."

"ओटी पाहा ना, ओटी! एवढा कापूस एका झाडाले लागला असता तं आपुन इथं कायले असतो?"

शिल्पकार बिचारा हसला. म्हणाला, वाकलेला पुतळा समितीला नको आहे. मावशी म्हणाली, "राहू दे रे बाबा. जन्मभर वाकली, आता उभी राहू दे." तेव्हापासून कोणी थट्टा केली नाही. पुतळ्याला आमच्या बायका 'वेचणारी' म्हणू लागल्या.

पितळ न्यायला अध्यक्षांच्याच दुकानाची गाडी आली, बियाण्यांच्या पोत्यांची. मी पावती मागितली. माझ्या धंद्यात रिकामी बाटलीही मी पावतीशिवाय सोडत नाही. अध्यक्ष हसले. "समाजाच्या कामाची पावती मागता भाऊ? देवळात नारळ फोडून पावती घेता का?" ड्रायव्हर हसला, माझे हमाल हसले. मी लाल झालो, पण गाडी गेली. शिल्पकाराच्या भट्टीवर जाते आहे, असं मला सांगितलं. असंच सांगितलं.

पुतळा बसला तो दिवस चांगला होता, हे मी नाकारत नाही. मोठे पाहुणे आले, मांडव पडला. पाहुण्यांनी दोरी ओढली आणि वेचणारी उन्हात चमकली, पितळेसारखीच. खाली पाटीवर 'पांढऱ्या सोन्याची अन्नपूर्णा' असं काहीतरी लिहिलेलं. त्या हंगामात बोंडअळीने वेचायला फारसं ठेवलंच नव्हतं. टाळ्या वाजवणाऱ्या बायकांना पुढच्या दिवशी काम नव्हतं. पण त्या वाजवत होत्या. मावशी लोखंडी कठड्याला धरून वर पाहत होती. मी विचारलं, "दिसली का माय?"

"हनुवटी तिचीच हाय," ती म्हणाली.

चबुतरा उंच, भोवती कठडा. हात लावायला कोणी पोचत नव्हतं. हेही कोणीतरी विचार करूनच केलं असणार. मावशी रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायची. नाल्यापलीकडून चालत यायचं, म्हणजे तिच्या गुडघ्यांना सोपं नव्हतं. कोणी विचारलं की म्हणायची, घरी चालली. चूल तिथेच होती ना तिची.

दुसऱ्या उन्हाळ्यात वावधान सुटलं. वादळवाऱ्यात गाळ्यांवरचा एक पत्रा उडाला आणि वेचणारीच्या कोपरावर बसला. हात कोपरापासून लोंबायला लागला. सकाळी चौकात गर्दी. मी पोचलो तेव्हा सगळे वर पाहत होते. तुटलेल्या जागी धातू नव्हताच. आत पांढरे धागे होते, पिंजलेले, वाऱ्यावर हलत होते. फायबर. आतून पोकळ.

गर्दीतून एक बाई ओरडली, "अवो मायबाई, हिच्या अंगातही कापूसच निघाला!"

आणि लोक हसले. मला अजूनही ते हसणं ऐकू येतं. कोणी रागावलं नाही. कोणी म्हणालं फायबर टिकाऊ असतं, गंज नाही चढत. कोणी म्हणालं, आजकाल सगळीकडे फायबरच. नगरपंचायतीच्या माणसाने शिडी लावून हात दोरीने बांधला, वर सोनेरी रंग फासला. दुपारपर्यंत चौक मोकळा झाला. मावशी कठड्याजवळ उभी होती. ती हसली नाही.

मी शिल्पकाराला फोन लावला. तो खोकत म्हणाला, "दादा, मला पहिल्या दिवसापासून फायबरचंच सांगितलं होतं. पितळ? कोणतं पितळ? माझ्याकडे पितळ आलंच नाही."

मी अध्यक्षांच्या दुकानात गेलो. ते म्हणाले, शिल्पकार खोटं बोलतो. मी म्हणालो, त्याला बोलवा. ते म्हणाले, बघू. पेरणीचे दिवस होते, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. ते 'बघू' मी पावसाळाभर ऐकलं.

मग ज्याची मी वाट पाहत नव्हतो ते झालं. पितळाचा माल मी नागपूरला एका व्यापाऱ्याच्या वाड्यावर टाकतो. दिवाळीआधी माझा माल तोलला जात होता, मी वाड्यात फिरत होतो. एका कोपऱ्यात हंड्यांचे कापलेले गळे पडले होते. अंग पातळ असतं, ते चेमटवून आधी जातं. गळा जाड, तो कापून बाजूला ठेवतात. मी पायाने एक उलटा केला. ठिपके. मावशीच्या मायचं नाव.

मी घासलं असतं तर तो नुसता पितळेचा तुकडा होता. मी घासलं नाही म्हणून तो मला सापडला.

मी व्यापाऱ्याला विचारलं, हे कुठून आलं?

"तुमच्याच गावची गाडी होती की. बियाण्यांची पोती होती तीत. बाकी सगळं केव्हाच भट्टीत गेलं. हे गळे तेवढे राहिले."

"हा मला द्या."

"तोलून घ्या."

भाव केला. कायले नाही करू? तो व्यापारी आहे, मीही आहे. त्याने वजन लावलं, मी त्यातली माती-काजळी कापून घेतली, आणि घासाघीस करून तो गळा घेऊन आलो. एसटीत तो मांडीवर ठेवला होता. शेजारच्याने विचारलं, काय हो, पूजेचं का? मी म्हणालो, साक्षीदार आहे.

तो साक्षीदार घेऊन मी अध्यक्षांच्या दुकानासमोर उभा राहिलो. बाजाराचा दिवस, गर्दी पाहून गेलो. मी ओरडलो. ओरडणं मला येतं. गळा वर धरून नाव वाचून दाखवलं, गाडी कोणाची होती ते सांगितलं. लोक जमले. अध्यक्ष बाहेर आले. त्यांनी गळा हातात घेतला, शांतपणे उलटसुलट पाहिला, आणि लोकांना म्हणाले:

"मला एक सांगा, ही भांडी शेवटची कोणाच्या गोदामात होती?"

लोक माझ्याकडे पाहू लागले.

"आणि हा तुकडा आज कोणाच्या हातात आहे?"

मग ते माझ्याकडे वळले. अगदी भाऊ म्हणूनच. "भाऊ, माझी गाडी तुमच्या दारी आली ती अर्धी रिकामीच गेली. मी तेव्हा बोललो नाही. म्हटलं, गरीब माणूस आहे, घेतलं असेल. आणि खरं सांगू? बरं झालं फायबरचा केला. पितळेचा केला असता तर चौकात पहिला हात कोणाचा पडला असता?"

लोक हसले. फायबर निघालं तेव्हा हसले होते तसंच. पानवाला म्हणाला, "भंगारवाल्याकडे भंगार सापडलं, काय बातमी आहे राजेहो!" मी अध्यक्षांच्या अंगावर धावून गेलो. दोघातिघांनी मला धरलं. त्यानंतर तर काही सांगायलाच नको. जो मारायला धावतो तो खोटा, असा आमच्याकडे न्याय आहे.

आठवड्याभरात गोष्ट पक्की झाली की पितळ मीच विकलं. ज्या बायकांच्या राखेत मी हातगाडी ढकलली, त्या रस्त्यात मला पाहून पदर सावरून बाजूला व्हायला लागल्या. एकीने तोंडावर म्हटलं, "नाव घासू नको म्हटलं तं खुश झाला होता. आता समजलं काहून." उलटं होतं! घासलं असतं तर चोरी लपली असती! पण हे मी कोणाला ओरडून सांगणार? माझ्या ओरडण्याला आता कोणी भाव देत नव्हतं.

मी मावशीकडे गेलो. पत्र्याची खोली, तात्पुरती, तेव्हाही आणि आजही. ती दाराशी बसली होती. मी गळा तिच्या मांडीवर ठेवला. तिला वाचता येत नाही. तिने अंगठा त्या ठिपक्यांवरून फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मी सगळं सांगितलं: गाडी, व्यापारी, शिल्पकाराचा फोन. सांगता सांगता माझा आवाज चढला. ती ऐकत होती की नाही कळेना.

"मावशी, तुला तरी पटतं ना? मी नाही विकलं."

तिने अंगठा ठिपक्यांवरच ठेवला. मग म्हणाली, "कोनं खाल्लं थे मले नाही माहीत रे लेका. मी तं तुले देल्लं होतं."

 

मग तिने गळा माझ्याकडे सरकवला. "कानस आहे का जवळ?"

"कायले?"

"नाव काढून दे. चुरा दे मले."

"मावशी, हे नाव आहे म्हणून तर पुरावा आहे! हे गेलं तर माझ्याजवळ काहीच राहत नाही. मी हे घेऊन वर जाणार आहे, साहेबांकडे, कोर्टात..."

"तुले साक्षीदार पाहिजे," ती म्हणाली. "मले माय पाहिजे. कोनाच्या वाड्यात पडली होती थे, आता तू तिले कचेरी-कचेरी फिरवशील. पुरे झालं तिचं."

मी चिडलो. ते लपवत नाही, तिच्यावरही चिडलो. म्हणालो, तू अशीच राहिलीस म्हणून हे लोक असे वागतात. ती हात पुढे करून बसून राहिली. मी पुष्कळ लोकांना भावात थकवलं आहे. त्या दिवशी तिने मला थकवलं.

मी दारातच बसून कानशीने नाव घासलं. जाड गळा, वेळ लागला. शेवटी तिथे एक चमकणारा पट्टा राहिला, काहीही न लिहिलेला. चुरा कागदात बांधून तिला दिला, नेहमीसारखा.

ती म्हणाली, चल. आम्ही नाला ओलांडून चौकात आलो. हा चुरा तिच्या घरच्या कडुनिंबाशी नाहीतर वस्तीच्या विहिरीवर टाकायचा. कडुनिंब कापून नेलेला. विहीर चौक रुंद करताना बुजवली, वर फरशी. मावशी त्या फरशीवर इकडे गेली, तिकडे गेली. वर वेचणारी दोरीने बांधलेला हात घेऊन हसत उभी होती. एक ऑटोवाला म्हणाला, "आजी, बाजूले व्हा, गिऱ्हाईक दिसत नाही मले."

तिने कागद पदराच्या टोकाला बांधला आणि परत निघाली. तो अजून तिच्या पदराला आहे. लुगडं बदललं की गाठ नव्या पदराला जाते. संध्याकाळी ती चौकात जात नाही.

माझ्याजवळ आता काहीच नाही. शिल्पकार फोन उचलत नाही. व्यापाऱ्याचे बाकीचे गळेही भट्टीत गेले. वस्ती नाल्यापलीकडेच आहे. अध्यक्षांच्या दुकानावर यंदा नवा बोर्ड लागला, आणि पुतळ्याला दर वर्षी सोनेरी रंग लागतो, त्यांच्याच हस्ते. गावात मी चोर आहे, आणि हे लिहिल्यावरही चोरच राहीन, एवढं मला कळतं.

तरी विचारतो. मावशीने मला विचारलं नाही, एवढंच म्हटलं की मी तुला दिलं होतं. मी ते तुम्हाला दिलं, अध्यक्ष. तुमच्या गाडीत, तुमच्या ड्रायव्हरसमोर, पावती मागून. नाल्यापलीकडे उभं राहून, छातीवर हात ठेवून तुम्ही जे बोललात ते त्या बायकांनी ऐकलं आहे. पुतळ्याच्या पोटात कोणाचंच नाव नाही. मग ती सगळी नावं तुम्ही कुठे नेऊन टाकलीत? माझ्याकडे पाहून हसू नका. चौकात या, कठड्याशी, जिथे तिची चूल होती तिथे उभे राहा, आणि तिला उत्तर द्या.